पक्षीनिरीक्षण मंडळाच्या ठाणे शाखेचं सदस्यत्व : फेऱ्या झकास, सभा भकास

आधी निकाल सांगते. फेऱ्यांना पाचपैकी साडेचार, सभांना दोन. सरासरी ज्याची त्याने काढावी. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण माणसांशी नाही, नियमावलीशी आहे. तसली नियमावली ट्रेकिंगवाले, नाणी जमवणारे, बोन्सायवाले अशा कुठल्याही हौशी मंडळाच्या कपाटात सापडेल. वर्गणी भरण्याआधी काय बघून घ्यावं, एवढ्यासाठी हे लिहितेय.

मंडळाचं मुख्य कार्यालय मुंबईत, ठाण्यात शाखा. वर्षाची वर्गणी वैयक्तिक आठशे, कुटुंबाला बाराशे, विद्यार्थ्यांना तीनशे. त्यातला बराचसा भाग वर मुंबईला जातो, शाखेकडे चहापाणी आणि झेरॉक्स निघेल इतकं उरतं. आजीव सदस्यत्व हल्ली देत नाहीत. ज्यांनी पूर्वी घेऊन ठेवलं त्यांनी तेव्हा एकदाच जी रक्कम भरली, त्यात आज ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलातल्या फेरीचं एक सहकुटुंब जेवणही होणार नाही. पण त्यांचा विषय पुढे येईल.

बाराशे रुपयांत काय मिळतं? महिन्याला दोन फेऱ्या, एक येऊरला आणि एक ठाणे खाडीवर. नवख्यांसाठी आठ बाय बेचाळीसच्या, म्हणजे आठपट जवळ दाखवणाऱ्या दुर्बिणी उसन्या मिळतात, त्यांतल्या एकीचा डावा डोळा कायम धूसर असतो, ती आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून जरा लवकर पोचावं. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखांच्या पक्षी सप्ताहात शाळांमधून कार्यक्रम असतात. आणि जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना. हे शेवटचं एकटंच वर्गणी वसूल करून देतं.

गणनेबद्दल थोडं सविस्तर लिहिते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिच्यात आमच्यासारखे हौशी लोकच मोजायला उभे असतात. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून दर्जा २०१५ चा, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ती आली २०२२ मध्ये. आमच्या शाखेला नेमून दिलेला पट्टा ऐरोलीच्या बाजूचा. ट्रान्स-हार्बरने दिघा गाव सोडलं की ऐरोली, तिथून शेअर रिक्षा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधीच व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतं. भरती पूर्ण असली तर चिखल झाकलेला, पक्षी पांगलेले. ओहोटी संपत आली तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, इतके लांब जातात की दुर्बिणीत नुसती गुलाबी रेघ. मधला तास-दीड तासच कामाचा. शंभर पक्ष्यांचा एक ठोकळा नजरेत पक्का करायचा आणि तो थव्यावर सरकवत न्यायचा, हे तंत्र मला शाखेनेच शिकवलं. मोठा रोहित आणि छोटा रोहित वेगळे मोजायचे. छोट्याची चोच जवळपास सगळी गडद, मोठ्याची गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. त्यात मध्येच शेकाटे, कुरव, तुतारींचे ढीग. दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचं आणि आकडे जुळेपर्यंत परत मोजायचं. मी दिवसभर बँकेत नोटा मोजते, तिथेही इतकी कटकट नसते. पण मजा येते बुवा.

येऊरच्या फेऱ्यांचं श्रेय मात्र दोन माणसांना. एक अकरावीतला मुलगा, विद्यार्थी सदस्य. त्याचा कान असा की वर मान न करता, बुटाची नाडी बांधता बांधता तो सांगतो, "तांबट, उजवीकडे, उंबरावर." सर्पगरुडाची शीळ आम्हाला ऐकू यायच्या आधी त्याने हात वर केलेला असतो. दुसरा येऊरच्याच एका पाड्यावरचा वारली तरुण, मंडळाचा 'मानद मार्गदर्शक'. गेल्या थंडीत त्याने आम्हाला वाटेच्या कडेला थांबवलं आणि पाचोळ्याकडे बोट केलं. दहा-बारा जण त्या पाचोळ्याकडे बघतोय आणि कोणाला काही दिसेना. तो म्हणाला, "डोळा शोधा, पक्षी शोधू नका." मग पाचोळ्यातल्या एका पानाने हळूच पापणी मिटली, आणि तिथून उलटं शेपटीपर्यंत अख्खा रातवा दिसायला लागला. दोन पावलांवर बसला होता. असलं काही पुस्तकातून येत नाही आणि दीड लाखाच्या लेन्सनेही येत नाही.

आता सभेकडे.

वार्षिक सभेची सूचना पंधरा दिवस आधी आली, खाली ते ठरलेलं वाक्य : 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तीस गणसंख्येचे बंधन राहणार नाही.' ठाण्यातल्या मंडळांच्या सभा मुळी या वाक्यावरच चालतात. अनुभवी मंडळी अर्धा तास उशिरानेच येतात. जागा एका शाळेतला पाचवीचा वर्ग. छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आम्ही आणि फळ्यावर शुक्रवारचा सुविचार. बटाटेवडे छान होते, ते लिहिलंच पाहिजे.

विषयपत्रिकेवर सहावा विषय होता तो वादाचा. येऊरच्या फेऱ्यांमध्ये काही फोटोवाले सदस्य बॅगेच्या पट्ट्याला छोटा ब्लूटूथ स्पीकर अडकवून येतात. नर पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवायचा, खरा नर चिडून समोर येतो, फोटो काढायचा. बिचाऱ्याला वाटतं हद्दीत कोणी घुसलंय. तो पिलांना भरवायचं सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत बसतो. पावसाळ्यात तर विचारू नका. तिबोटी खंड्या कोकणपट्ट्यात पावसाळ्यातच घरटं करतो, ओहोळाच्या काठच्या मातीत बीळ करून. ते बीळ एकदा कोणाच्या स्टेटसवर आलं की पुढच्या रविवारी तिथे कॅमेऱ्यांच्या तिपायांची रांग. म्हणून ठराव असा होता : शाखेच्या कुठल्याही फेरीत आवाज वाजवायचे नाहीत आणि घरट्यांचे फोटो, ठिकाणं गटावर टाकायची नाहीत. तसं पाहिलं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी-घरटी विचलित करणं येतं. पण त्या व्याख्येत स्पीकरचा उल्लेख नाही, म्हणून तर ठराव हवा होता.

मतदानाच्या आधी सचिवांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं. त्यात चार रकाने : नाव, सदस्य क्रमांक, सही, आणि शेवटचा 'मत'. माझ्या नावापुढे त्या रकान्यात लाल पेनाने आडवी रेघ.

"ताई, तुमचं सदस्यत्व कुटुंबाचं आहे. मत साहेबांचं."

साहेब त्या वेळी घरी दुपारची झोप काढत होते. साहेबांना कावळा आणि कोकीळ यांतला फरक फक्त आवाजावरून कळतो, आणि तोही वसंतातच. फॉर्मवर वरची छापील ओळ 'कुटुंबप्रमुखाचे नाव' अशी आहे, तिथे त्यांचं नाव आलं, खाली 'इतर सदस्य' मध्ये माझं. एका फेरीलाही न आलेल्या माणसाला मत आणि मी वडे खायला मोकळी. मी विचारलं, ते आलेले नाहीत तर त्यांच्या जागी मी देऊ का? उत्तर आलं, नियमावलीत तशी तरतूद नाही.

मी सोसायटीची खजिनदार होते काही वर्षं, त्यामुळे हे ऐकून जास्तच टोचलं. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात हे स्पष्ट आहे. शेअर सर्टिफिकेटवर दोन नावं असली तर पहिलं नाव असलेला हजर असेल तेव्हा मत त्याचं, तो नसेल तर दुसऱ्याचं. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती ठरवायला बायकोचं मत चालतं. पक्ष्यांसाठी नाही.

मग बाकीच्यांच्या रकान्यांकडे लक्ष गेलं. अकरावीतल्या मुलापुढे रेघ. विद्यार्थी सदस्याला अठरा पूर्ण होईपर्यंत मत नाही, ते मला मान्य आहे, कुठेतरी वयाची रेघ ओढावीच लागते. पाड्यावरच्या मार्गदर्शकापुढे रेघ, कारण मानद सदस्य वर्गणी भरत नाही आणि वर्गणी न भरणाऱ्याला मत नाही. म्हणजे आम्ही त्याचा मान ठेवून त्याला फुकट सदस्य केलं आणि त्याच दमात त्याचा आवाज काढून घेतला. त्याच्या पाड्यामागच्या ओहोळावर काय वाजवायचं हे ठरत होतं आणि तो शेवटच्या बाकावर शांतपणे बसून होता. माझ्यासारख्या 'इतर सदस्य' आणखी दोघी होत्या.

मत कोणाला होतं? वैयक्तिक सदस्यांना, त्यांतल्या तिघांचे फॉर्म सभेच्या सूचनेनंतर भरलेले, तिघांच्याही गळ्यात लांब लेन्स. नियमावलीत अमुक दिवस आधीपासून सदस्य असावं अशी अटच नाही. आणि आजीव सदस्यांना. त्यांतले काही ठाणे सोडून गेले त्याला जमाना झाला. पुण्याला गेलेले एक काका आहेत, त्यांचं अधिकारपत्र आलं होतं, त्यांच्यासारखी आणखी तीन. पत्रांत ठरावाबद्दल अवाक्षर नाही. 'माझ्या वतीने सचिवांनी योग्य ते मत द्यावे', खाली सही. सचिव स्वतः फोटोवाले.

हात वर झाले. बाजूने सात, विरोधात नऊ. ठराव पडला. नऊपैकी चार टपालातून. नुसत्या खोलीतल्या माणसांच्या मतांवर ठराव पास झाला असता.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका, मीही काढत नाही. सगळ्या रेघा पुसल्या असत्या तर ठराव दणक्यात पास झाला असता असं नाही. त्या दोघींतल्या एकीचा नवरा लेन्सवाला आहे, ती त्याच्याच बाजूने गेली असती. आणि पुण्याच्या काकांना मी नावं ठेवणार नाही. येऊरची पहिली पक्षी-यादी त्यांनी टाइप केली, सायक्लोस्टाइल करून पोस्टाने वाटली, तेव्हा आमच्यापैकी निम्म्यांना चिमणी आणि कावळा यांपलीकडे काही माहीत नव्हतं. मंडळाचे हिशेब, घटना, मंडळ चालू ठेवायचं की बंद करायचं, यावर त्यांचं मत असायलाच हवं. पण येऊरच्या कुठल्या वळणावर स्पीकर लावावा हे पुण्याच्या सोफ्यावरून, तेही दुसऱ्याच्या हाताने, कशाला ठरवायचं? कोऱ्या अधिकारपत्राला माझा सक्त विरोध आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सभेला मुखत्यार किंवा अधिकारपत्रधारक चालतच नाही, ते शहाणपणाचं आहे.

सभेनंतर सचिवांशी वडापावच्या गाडीपाशी बराच वेळ बोलले. माणूस वाईट नाही, फक्त बोलतो नियमाच्या भाषेत. त्यांचं म्हणणं, "ताई, कायदा आहे. जो वर्गणी भरतो तो मत देतो." घरी येऊन कायदाच काढला. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं कलम १५ सांगतं की सदस्य म्हणजे नियमांप्रमाणे दाखल झालेला आणि वर्गणी भरलेला किंवा सभासद यादीत सही केलेला माणूस. या 'किंवा'कडे लक्ष द्या. पुढे म्हटलंय की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलेली आहे त्याला मत नाही आणि सदस्य म्हणून मोजायचंही नाही. झालं. कुटुंबप्रमुखाचा शब्द नाही, आजीव आणि मानद असा भेद नाही. हे सगळे रकाने मंडळाच्या स्वतःच्या नियमावलीने आखलेत, म्हणजे तेच पुसूही शकतात. शिवाय कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे ती मुंबईची. आमची शाखा म्हणजे एक कपाट, एक रजिस्टर आणि तीन धूसर-अधूसर दुर्बिणी. पुढच्या रविवारी फेरी येऊरला न्यायची की खाडीवर, फेरीत स्पीकर चालेल की नाही, हे काही घटनादुरुस्तीचं काम नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी लगेच पोल टाकला. बंदीच्या बाजूने भरघोस मतं पडली. सचिवांनी लिहिलं, 'हा कल समजावा, मतदान नव्हे.' या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. त्या गटात एकदा फ्लेमिंगो बघून गेलेले, मग कधी न फिरकलेले शेकडो लोक आहेत. एक दुर्बीण विकणारे आहेत. एक गृहस्थ रोज सकाळी गुलाबाची फुलं टाकतात, त्यांनीही पोलमध्ये मत दिलं होतं. ज्याला बोट लावता येतं त्याला मत, हा काही तोडगा नाही.

मी शाखेला लेखी सुचवलं ते असं. पैशाचे आणि घटनेचे विषय नियमावलीप्रमाणे चालू द्यात, तिथे आजीव काकांचंही मत राहू दे, फक्त ठरावावर स्वतःच्या सहीने 'हो' की 'नाही' लिहून आलं पाहिजे. फेऱ्यांचे विषय फेऱ्यांना येणाऱ्यांनी ठरवावेत. वर्षभराच्या हजेरीच्या वह्या शाखेकडे आहेतच, येऊर गेटवर सह्या घेतातच ना? ज्याचं नाव त्यांत वर्षात चार वेळा तरी आहे त्याला मत, मग तो कुटुंबप्रमुख असो, 'इतर सदस्य' असो किंवा पाड्यावरचा मानद. सभेची सूचना निघाल्यावर आलेल्या फॉर्मना त्या सभेपुरतं मत नाही. कार्यकारिणीने पत्र वाचलं, पोच दिली आणि 'वरिष्ठ कार्यालयाच्या मार्गदर्शनार्थ' मुंबईला पाठवलं. तिथे ते कुठल्या फाइलला लागलंय, कोण जाणे.

दरम्यान जे झालं ते नियमावलीबाहेरच झालं. पुढच्या येऊर फेरीला अकरावीतला मुलगा गेटपाशी उभा राहिला आणि नेहमीच्या सूचनांमध्ये, पाणी घ्या, भडक कपडे नकोत, याच्याच सुरात म्हणाला, "स्पीकर बॅगेच्या आत." पाड्यावरचा मार्गदर्शक शेजारी उभा. लेन्सवाल्यांपैकी एक म्हणाला, ठराव तर पडलाय. मुलगा म्हणाला, "हो, पण मग मी घरी जातो." बस्स. स्पीकर बॅगेत गेले. फेरी न्यायला दुसरं कोणी नव्हतं. तेव्हापासून ते दोघं असतात त्या फेरीत आवाज वाजत नाही. पण दहावी-बारावीची मुलं बारावीनंतर कुठे जातात ते ठाण्यात कोणाला सांगायला नको, आणि मार्गदर्शकाला रविवारी दुसरं काम मिळालं तर तो ते घेणारच, आम्ही त्याला देतो काय, एक शाल आणि ओळखपत्र. त्यामुळे ही व्यवस्था म्हणजे नियम झाला असं मी धरत नाही.

तर, सदस्य व्हावं का? ज्यांना नुसतं पक्षी बघायचेत त्यांनी डोळे मिटून व्हावं. एवढ्या पैशांत महिन्याला दोन सकाळी इतकी जाणती माणसं सोबतीला ठाण्यात तरी मला दुसरीकडे मिळाली नाहीत. भांडुपच्या बाजूला किंवा सीवूड्सला स्वतःहून जाता येतं, पण तिथे नजर शिकवणारं कोणी नसतं. नवी मुंबईकरांसाठी खाडीच्या फेऱ्या सोयीच्या आहेत, येऊरला मात्र पहाटे यायची तयारी हवी. ठाणे स्टेशनवरून त्या वेळी टीएमटीच्या बसच्या भरवशावर राहू नका, रिक्षा वाटून घ्या. लहान मुलं असतील तर खाडीपासून सुरुवात करा. थंडीत तिथे रोहित दिसणार हे जवळजवळ नक्की, आणि येऊरला दोन तासांत फक्त बुलबुल दिसले तर मूल परत येत नाही.

ज्यांना शाखेच्या कारभारात चार शब्द बोलायचे आहेत, त्यांनी चारशे रुपये वाचवायच्या नादात कुटुंब सदस्यत्व घेऊ नये. दोघांनी दोन वैयक्तिक फॉर्म भरावेत. मी या वर्षी माझा वेगळा भरला. साहेबांचा भरला नाही, त्यांनाही त्याचं फारसं वाटलं नाही. कार्यालयात नियमावलीची प्रत मागा, देतात, फक्त दोनदा मागावी लागते. नूतनीकरण मार्चअखेर. जूनच्या पुढे थकलं तर मत गेलं समजा, कारण ते कलम मात्र सचिवांना तोंडपाठ आहे. रोख भरलंत तर पावती घेतल्याशिवाय हलू नका, आणि पावतीवर सदस्यत्वाचा प्रकार त्यांच्याच हाताने लिहून घ्या. माझ्या पहिल्या पावतीवर ती जागा कोरी होती आणि रजिस्टरात परत 'इतर' पडलं होतं. आता खोडून वर 'वैयक्तिक' लिहिलंय, शेजारी सचिवांची सही.